भाऊजींचे चार सेकंद

वेळ सलग वाहतो हे ज्याला कधीच पटलं नाही असा माणूस मी साऱ्या अमेरिकेत एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या ह्यांचा मित्र निघाला. दोघे पुण्याला कॉलेजात एका बाकावर बसत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी लग्न होऊन मिनेसोटात आले तेव्हा विमानतळावर ह्यांच्या शेजारी तेही उभे होते. मी त्यांना भाऊजी म्हणू लागले, ते मला वहिनी. गाडीत मी सहज विचारलं, "किती वर्षं झाली तुम्हाला इथे?" तर म्हणाले, "तशी अकरा. पण पाच ग्रीन कार्डाची वाट पाहण्यात गेली. तेव्हा घड्याळ बंद होतं. म्हणजे सहा." मला वाटलं थट्टा करताहेत. भाऊजी थट्टा करत नाहीत हे कळायला मला एक अख्खा हिवाळा लागला.

या सगळ्याचं मूळ फुटबॉलमध्ये होतं. फुटबॉल म्हणजे इथला, चेंडू काखेत मारून पळायचा आणि एकमेकांच्या अंगावर कोसळायचा. भाऊजींनी जन्मात त्या चेंडूला हात लावला नव्हता. थर्मोस्टॅटच्या कारखान्यात इंजिनिअर, ब्रह्मचारी, चष्म्याचा नंबर मोठा. ऑफिसातल्या कुणाचा तरी मुलगा खेळत होता म्हणून ते एकदा गावातल्या हायस्कूलचा सामना पाहायला गेले. खेळाकडे ढुंकूनही न पाहता गुणांच्या फळ्यावरच्या घड्याळाकडे टक लावून बसले, आणि सामना संपल्यावर पंचांना गाठून सांगितलं की तुमचे सात सेकंद फुकट गेले. असल्या माणसाला लोक टाळतात. त्या शाळेने मात्र पुढच्या मोसमात घड्याळाचं बटण त्यांच्याच हातात दिलं. तेव्हापासून नियमांचं ते पातळसं पुस्तक भाऊजींना अथर्वशीर्षासारखं पाठ होतं. सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा, पण चालतो सव्वादोन तास, कारण घड्याळ सारखं थांबतं. फेकलेला चेंडू न झेलता जमिनीवर पडला की थांबतं. रेषेबाहेर गेला की थांबतं. संघाने आपल्या वाट्याच्या तीन टाइमआउटांपैकी एक मागितला की थांबतं. आणि मग कधी ते पुढचा चेंडू हलल्यावरच सुरू होतं, तर कधी पंचाने हात गोल फिरवला की लगेच. "थांबवणं कुणालाही येतं हो वहिनी," ते मला पोळ्या लाटताना ऐकवत. "परत केव्हा सुरू करायचं, तिथे माणसाची अक्कल दिसते."

ही अक्कल त्यांनी मैदानापुरती ठेवली असती तर बरं झालं असतं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत भाषणं फार लांबत, म्हणून कुणीतरी भोळेपणाने भाऊजींना वेळेवर लक्ष ठेवायला बसवलं. वक्त्याला बारा मिनिटं. टाळ्या पडल्या की भाऊजी घड्याळ बंद करत. वक्ता पाणी प्यायला की बंद. आणि वक्ता विषय सोडून भरकटला, की चेंडू रेषेबाहेर गेला या न्यायाने पुन्हा बंद, ते थेट तो विषयावर परत येईपर्यंत. त्या वर्षीचे आमचे अध्यक्ष विषयावर फारसे येतच नसत. पंचावन्न मिनिटं ते बोलले. मागच्या रांगेतल्या काकू डुलक्या घ्यायला लागल्या, बटाटेवडे थंड झाले, आणि ह्यांनी हवालदिल होऊन खूण केली तेव्हा भाऊजींनी शांतपणे दोन बोटं वर केली. अजून दोन मिनिटं शिल्लक होती.

आमच्या भांडणांतही ते असेच मध्ये पडत. एकदा आमचं चांगलं जुंपलेलं असताना हे उठून गराजमध्ये जायला निघाले, तर सोफ्यावरून भाऊजी म्हणाले, "अरे, तुझे तिन्ही टाइमआउट संपले, बस खाली. वहिनींचे दोन आहेत अजून." हे मुकाट्याने बसले, आणि मी उरलेले दोन्ही ठेवणीत टाकले. माणसाचा राग यायचा, पण पक्षपात केला असं कधी म्हणता यायचं नाही.

मी हसत असे, पण हेही पाहत असे की आठवड्यातले सहा दिवस या माणसाला इथे कुणी विचारत नव्हतं. ऑफिसात त्यांचं नाव कापून दोन अक्षरांचं केलं होतं आणि डबा ते एकटेच खात. शुक्रवारी, सामन्याच्या संध्याकाळी मात्र प्रेक्षकांच्या बाकांच्या वर बांधलेल्या घड्याळवाल्याच्या लाकडी खोपटात ते जाऊन बसले की खालचे पाचही पंच वर बघून हात करत. शेजारी माइकवर बसणारा निवेदक त्यांना कौतुकाने डॉक, म्हणजे डॉक्टर, म्हणायचा. किराणा दुकानातल्या पोरीसुद्धा त्यांना क्लॉक मॅन म्हणून ओळखत. अमेरिकेत त्यांच्या मालकीची जागा तेवढीच एक होती.

ती माझ्यामुळे गेली.

त्या शुक्रवारी आमच्याकडे सत्यनारायण होता. मोसमातला शेवटचा सामना, म्हणून भाऊजी पूजेला आले नव्हते. प्रसाद चुकू नये या माझ्या हट्टापायी मी केळं घातलेला शिरा वाटीत घेऊन, वर फॉइल लावून, ह्यांना गाडी काढायला लावली आणि त्या खोपटाच्या शिड्या चढून गेले. निवेदकाने मला हसून आत घेतलं. सामना संपत आला होता. आमची पोरं तीन गुणांनी मागे होती, चेंडू आमच्याच पोरांकडे होता आणि फळ्यावर नऊ सेकंद उरले होते. भाऊजींच्या उजव्या हातात वायरचं बटण होतं. मी म्हटलं, "प्रसाद घ्या आधी."

"दोन मिनिटं, वहिनी."

"प्रसादाला थांबवत नाहीत, भाऊजी."

प्रसाद डाव्या हाताने घ्यायचा नसतो. घरचे संस्कार माणसाला मिनेसोटातही सुटत नाहीत. त्यांनी बटण डाव्या हातात घेतलं आणि उजवा तळहात पुढे केला. मी शिरा ठेवला, त्यांनी तो कपाळाला लावून तोंडात टाकला. तेवढ्यात खाली चेंडू फेकला गेला, कुणाला न मिळता गवतावर पडला, आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला बटण वेळेवर सापडलं नाही. भोंगा वाजला. फळ्यावर शून्य.

"चार सेकंद होते," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खाली पंच एकमेकांना विचारत होते, कुणाला खात्री नव्हती. मुख्य पंचाने वर खिडकीकडे पाहिलं. खाली बोलायला टेबलावर फोन होता आणि भाऊजींचा हात त्यावर गेला. पंचाने सामना संपल्याचं जाहीर करेपर्यंत चूक दुरुस्त करता येते, त्यानंतर नाही, एवढं त्यांच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही पाठ होतं. तरी मी त्यांचं मनगट धरलं. म्हटलं, "राहू द्या हो. कुणाला कळलंय? तुमच्यावर येईल उगीच."

ते थांबले. पंच क्षणभर खिडकीकडे बघत राहिला, मग त्याने चेंडू उचलला आणि एका हाताने डोक्यावर धरला. सामना संपला. चार वर्षं खेळून शेवटच्या सामन्यात हरलेली आमची पोरं हेल्मेट काढून गवतावर बसली होती. भाऊजींनी बटण टेबलावर ठेवलं, खाली उतरले आणि पंचांना, दोन्ही प्रशिक्षकांना सांगितलं की घड्याळवाल्याची चूक झाली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही, प्रसादाचंही नाही. सोमवारी शाळेला राजीनाम्याचं पत्र दिलं. शाळेने राहा म्हणून विनवलं, तरी ऐकलं नाही. गावात महिनाभर चर्चा होती आणि मी किराणा दुकानात मान खाली घालून उभी राहायची. माझी चूक मला कुणाला सांगवली नाही. ह्यांनाही नाही.

पुढच्या वर्षी भाऊजींची डॅलसला बदली झाली. निघण्याच्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला होते. हे त्यांच्या बॅगा गाडीत ठेवायला बाहेर गेले तेव्हा मी धीर करून म्हटलं, "भाऊजी, मी तेव्हा तुमचा हात धरायला नको होता."

ते ताटातला भात कालवत राहिले. मग म्हणाले, "हात सोडवायला कितीसा जोर लागतो, वहिनी. तुम्ही म्हणालात ते मलाही वाटलं होतं. कुणाला कळणार, असंच वाटलं. म्हणून सोडलं मी ते काम. ज्याला एकदा तसं वाटलं, त्याने तिथे बसू नये." आणि ताक मागितलं.

त्यांनी ते खरं सांगितलं की माझं मन हलकं व्हावं म्हणून, हे मला आजतागायत उमगलेलं नाही. खरं असेल, तर त्या माणसाच्या मनात तसला विचार आयुष्यात एकदाच आला आणि तो मी घातला. खोटं असेल, तर ते त्यांचं एकुलतं एक खोटं, आणि तेही माझ्यासाठीच बोलावं लागलं. दिवाळीला त्यांचं कार्ड येतं, खुशाली कळते. डॅलसला हायस्कूलच्या फुटबॉलचं फार वेड आहे म्हणतात. भाऊजी सामन्यांना जातात का, हे विचारायचं मी प्रत्येक पत्रात ठरवते, आणि ह्यांची तब्येत, मुलांची शाळा, थंडी किती पडली, एवढंच लिहून पाकीट बंद करते.