तक्त्यावरची पाच माणसं

लिहिणं हा माझा प्रांत नाही. एकतीस वर्षं फिजिओथेरपी केली, त्यात रुग्णांच्या फायलींपलीकडे काही लिहिलं नाही. साठीनंतर वाचकांचा वेळ घेण्याचं धाडस करते आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते. घडलं त्यात चूक माझी होती आणि ती दुसरं कुणी लिहिणार नाही, एवढंच कारण.

बदलापूरला कुळगावातल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर मी पाच माणसांना पलंगाभोवती उभं केलं होतं. पलंगावर नरेश. (नावं बदलली आहेत.) वय छत्तीस. आनंदनगर एमआयडीसीत शेडचे पत्रे बसवताना खाली पडला आणि मानेतला मणका मोडला. खांद्यांखाली ना हालचाल, ना संवेदना. बोलणं मात्र शाबूत, आणि तिखट.

"मॅडम, हलू वलवा सांगा यांना. मी काय भाताची गोन हाय का?"

अशा रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीची कातडी सडते. नरेशची बायको सुनंदा पॅकिंगच्या कामाला जायची. तिच्या एकटीच्या हातांनी हे होणार नव्हतं. म्हणून आसपासची माणसं गोळा करून काम वाटून द्यायचं. आमच्या कामात याला 'सपोर्ट सर्कल' म्हणतात. नरेशचे चुलते बाळारामकाका यांनी एका दिवसात पाच जण उभे केले: स्वतः ते, दोन चुलतभाऊ, दोन भावजया. मी तक्ता केला. वेळ, नाव, फोन नंबर. तो भिंतीवर चिकटवला.

मग नळी समजावली. लघवीसाठी घातलेली नळी दुमडली की मूत्राशय भरत जातं. मान मोडलेल्या माणसाला ते कळत नाही, पण रक्तदाब भराभर चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, कपाळावर घाम फुटतो. अशा वेळी आधी माणसाला उठवून बसवायचं आणि लगेच नळी मोकळी करायची. वेळेवर केलं तर काही मिनिटांचं काम. नाही केलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मी पाचही जणांकडून ते दोनदा करून घेतलं.

जिन्यात एक सहावा माणूस उभा होता. खालच्या गाळ्यातला इस्त्रीवाला, रामदुलार.

"मॅडम, मेरे को भी सिखा दो. मैं तो सारा दिन इधरीच रहता है."

काका मध्येच म्हणाले, "बाहेरचा मानूस कशाला? भाडोत्री, आज हाय, उद्या नाय. आमी पाच जन हाव ना." मग त्याच्याकडे वळून, "तू हात मत लगाना उसको. गर्दन टूटेला है."

नरेश म्हणाला, "काका, तुमच्यापेक्षा त्याचाच आवाज मला जास्त येतो."

सगळे हसले. मीही हसले. दिवसभर हाकेच्या अंतरावर असणारा माणूस तोच होता, हे मला दिसत होतं. पण वडीलधाऱ्या माणसाला त्याच्याच घरात अडवणं मला जमलं नाही. तसं मला कधीच जमलेलं नाही.

मी ज्या पुनर्वसन केंद्रात काम करत होते, त्याचे संचालक तक्ता पाहून खूश झाले. "सगळी एकाच भावकीची माणसं. कुणी मागे हटणार नाही. रिपोर्टमध्ये फोटो टाका."

मी फोटो टाकला.

आठ महिने नरेशच्या पाठीवर एक ओरखडा नव्हता. मग भावकीतली एक म्हातारी चुलती वारली. उल्हास नदीवर दशक्रिया ठरली. सुनेनं न जाणं शक्यच नव्हतं. सुनंदानं सकाळी आठला नरेशला वळवलं, नळीची लघवीची बॅग रिकामी केली आणि सगळ्यांबरोबर निघाली. घाईत नळी त्याच्या मांडीखाली राहिली. तक्त्यावर दहाच्या खणात धाकट्या चुलतभावाचं नाव होतं. तोही नदीवरच होता. दहापर्यंत परतू, असं सगळ्यांनी धरलं होतं.

पिंडाला कावळा शिवेना. काका हात जोडून उभे राहिले, म्हातारीच्या नातवंडांना सांभाळायचा शब्द दिला, तरी शिवेना. तोवर कुणी निघत नाही. फोन पिशव्यांत होते.

सव्वादहाला रामदुलारला वरून हाका ऐकू आल्या. पुढचं त्यानं मला हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सांगितलं, भिंतीला पाठ टेकून, खाली बघत.

"चेहरा पूरा लाल. बोला, बिठा दे, पाइप देख. मैं चादर उठाया, फिर छोड़ दिया. गर्दन टूटेला है ना उसका. मेरे हाथ से मर जाता तो?"

त्यानं तक्त्यावरचे पाचही नंबर लावले. कुणी उचलला नाही. मग सायकल घेऊन नदीवर गेला. माणसं घरी पोहोचली तेव्हा अकरा वाजून गेले होते. चुलतभावानं नरेशला बसवलं, मांडीखालची नळी सोडवून मोकळी केली. मी शिकवलं होतं, अगदी तसंच. तोवर नरेशचं तोंड वाकडं झालं होतं.

तो वाचला. बोलणं गेलं. एवढंच त्याच्याजवळ होतं.

गल्लीनं दोष रामदुलारला दिला. "तू तिथंच होतास ना?" असं त्याला रोज कुणीतरी विचारायचं. दोन महिन्यांत त्यानं गाळा सोडला. त्याला शिकवायचं मी टाळलं होतं, हे गल्लीत उभं राहून सांगायला हवं होतं. मी ते फक्त सुनंदाला सांगितलं, तेही हळू आवाजात. ती नरेशची हनुवटी पुसत होती. "तुमी तरी काय करनार मॅडम," म्हणाली. संचालकांना मी लेखी कळवलं. उत्तर आलं नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी अशी आणखी काही सर्कल्स उभी केली. प्रत्येक घरात पहिला प्रश्न एकच विचारला: तुमच्यात मयत झाली, तर यांतलं मागे कोण राहील? लोकांना तो अशुभ वाटायचा. एकदा मला चहा न देता वाटेला लावलं. तरी मी तो विचारत राहिले, आणि एक तरी नाव नात्याबाहेरचं लिहून घेतल्याशिवाय तक्ता लावला नाही. पाच माणसं एकाच वेळी एकाच ठिकाणी जाणार असतील, तर ती पाच धरायची नसतात. एक धरायचं असतं.

तुमच्या शेजारी कुणी असं अंथरुणावर असेल, तर त्यानं हाक मारल्यावर नेमकं काय करायचं, हे तुम्हाला माहीत आहे का?