पाटावरची ॲलन चावी

विठोजी म्हणजे जमदग्नीचा अवतार. मल्लेश्वरमच्या मागच्या गल्लीत त्याचं लेथचं वर्कशॉप, आणि बंगळुरातले विमानवेडे सगळे त्याच्या दारात. पोरांची खेळणी नव्हेत हो, खऱ्या इंजिनाची मॉडेल विमानं! पंख्याच्या पुढे, नाकावर, एक टोकदार टोपी असते, तिला स्पिनर म्हणतात. बाहेरून मागवलेला स्पिनर आपल्या इंजिनाला सरळ बसेल तर शपथ. विठोजी त्याचं भोक वाढवी, पात्यांसाठी खाचा रुंद करी, आणि मधला स्क्रू स्वतः आवळी. ढिला स्पिनर घेऊन आलेल्या मारतहळ्ळीच्या एका साहेबाच्या त्याने कानाखाली जाळ काढला होता. "टोपी नाही ही, बंदुकीची गोळी आहे!"

त्याचा लहानपणचा जिवलग गिरीराज विमान उडवण्यात पटाईत. दसऱ्याला सकाळी स्पर्धा होती. आदल्या दिवशी, आयुधपूजेला, विठोजीने गिरीराजच्या विमानाला स्पिनर घासूनपुसून बसवला. स्क्रू आवळायला ॲलन चावी, ती षटकोनी टोकाची, शोधतो तर काय, बायकोने, सोयराबाईने, सगळी हत्यारं पाटावर मांडून कुंकू लावलेलं!

"चावी दे."

"पूजेतलं हत्यार उद्या दुपारच्या आरतीपर्यंत उचलायचं नाही. तुमच्या आईचाच नेम आहे, अहो."

दातओठ खात त्याने स्क्रू बोटांनीच फिरवला. सकाळी दुसऱ्या कुणाची चावी घेऊन आवळू म्हणाला, आणि साफ विसरला.

मैदानावर गिरीराजने इंजिन फिरवायला टोपीवर स्टार्टर टेकवला. इंजिन किंचाळलं, वेग चढला, आणि टोपी सुटली ती थेट त्याच्या उजव्या डोळ्यावर. रक्ताची धार लागली, गिरीराज गुडघ्यांवर कोसळला. विठोजी धावला, आणि मेल्याने काय करावं? त्याच रक्ताळलेल्या तोंडात भडकावली.

"किती वेळा सांगितलं, आवळून बघ म्हणून!"

"तू बसवलास," गिरीराज कण्हत म्हणाला, "म्हणून बघितलं नाही."

विठोजीने ऐकलंच नाही. विमान उचललं आणि आपटून आपटून त्याचा चुरा केला. तोवर लोकांनी गिरीराजला दवाखान्यात नेलं.

तणतणत घरी आला तर आरती चाललेली. पाटावर ॲलन चावी कालपासून तशीच, अंगावर शेवंतीचं फूल. विठोजीला स्क्रू आठवला. तो भिंतीवर डोकं आपटायला लागला, सोयराबाई ओढेपर्यंत.

कपाळाला टेंगूळ घेऊन तो दवाखान्यात गेला. गिरीराजच्या डोळ्यावर जाड पट्टी.

"स्क्रू मीच ढिला ठेवला, गिऱ्या. चावी पूजेत होती. मार मला."

गिरीराजने सगळा जोर लावून थोबाडीत दिली. नर्स ओरडत आली.

"दुसरीपण मार."

"दुसरी शुक्रवारी. पट्टी सुटेल तेव्हा. डोळा गेला असला तर."

चार दिवस विठोजी दवाखान्यातल्या बाकावरून हलला नाही. जेवण आलं तसं परत गेलं. शुक्रवारी डॉक्टरांनी पट्टी सोडली, गिरीराजचा चांगला डोळा हाताने झाकला आणि विचारलं, "काय दिसतंय?"

गिरीराजने मान विठोजीकडे वळवली. विठोजीने डोळे मिटून गाल पुढे केला.

"दाढी कर, लेका," गिरीराज म्हणाला. "भिकाऱ्यासारखा दिसतोयस."