न उसवणारा टाका

तिच्या हातचा टाका उसवत नाही, अशी पंचक्रोशीत ख्याती होती. आईने सुईत दोरा ओवायला शिकवला, तेव्हापासून शिवण हीच तिची उपासना. फाटके दिसले की तिच्या हातांना चैन पडत नसे. नवरा यांत्रिक करवतीने झाडे तोडणारा. परवा त्याची जाड संरक्षक विजार तारेत अडकून मांडीवर फाटली आणि आतले शुभ्र तंतू पिंजल्यासारखे बाहेर आले. तिने ते आत दाबून, साऱ्या थरांच्या आरपार, गोधडीसारखे दाट टाके घातले.

आज सकाळी करवती दुरुस्त करणारा मिस्त्री तसलीच विजार घेऊन तिच्याकडे आला.

"वहिनी, पायाची कड तेवढी दुमडून द्या. आतल्या थराला मात्र सुई लावू नका."

"का हो, माझ्या टाक्यावर भरवसा नाही?"

"भरवसा आहे म्हणूनच सांगतोय. ते धागे सुटे असतात. करवतीची फिरती साखळी लागली की ओढले जाऊन चाकात गुंततात, करवत जागीच बंद पडते. शिवून टाकलेत, तर विजार घातली काय अन् नाही काय."

तिने कात्री तिथेच टाकली.

ओढ्यापलीकडे नवऱ्याची करवत गर्जत होती. ती अनवाणीच निघाली. आवाज चालू आहे तोवर तो उभा आहे, एवढेच तिने मनाशी घट्ट धरले होते. पुलाशी पोचली आणि आवाज अकस्मात तुटला. ती धावत सुटली.

तो आडव्या खोडावर बसून साखळीला कानस लावत होता.

"काय गं, मागे वाघ लागला का?"

"अहो, विजार काढा."

"इथं? पाखरं हसतील."

ती हसली नाही. गुडघ्यांवर बसून तिने त्याची मांडी न्याहाळली. तिच्या टाक्यांखाली बोटभर अंतरावर वरचे कापड नुकतेच खरवडले गेले होते.

"हे कधी झालं?"

त्याने त्यावर बोट फिरवले. "पाऊल टाकताना साखळीचा ब्रेक लावायचा राहिला असेल, चाटून गेली," तो हळूच म्हणाला.

मग तिने मिस्त्रीचे बोलणे सांगितले. तो सवयीने पुटपुटला, "एवढा एकच ओंडका राहिलाय."

ती त्याच ओंडक्यावर जाऊन बसली. "नवी विजार येईस्तोवर मी उठायची नाही."

तो कानस ठेवून तिच्याशेजारी आला. तिने नखाने त्याच्या मांडीवरचा टाका ओढून पाहिला. टाका तसूभरही हलला नाही.