मामीला दिलेलं अर्धं उत्तर

परवा मामाच्या गावी ग्रामसभेला गेले होते. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना लागतं ते गाव. तिथे जे झालं ते लिहू की नको, असं दोन दिवस चाललंय… पण कालपासून तुमचे जे मेसेज येतायत, ते वाचून लिहावंच लागतंय.

मी अंबरनाथला एका कन्सल्टन्सीत कामाला आहे. कंपन्यांना जागा शोधून द्यायची, त्यांचे रिपोर्ट तयार करायचे, हे आमचं काम. यंदा एका मोठ्या कंपनीला डेटा सेंटरसाठी जागा हवी होती आणि साहेबांनी निवडलेली जागा निघाली नेमकी मामाच्या गावची. भाताची खाचरं… भात निघाला की त्याच ओलीवर वाल पेरतात.

डेटा सेंटर काय असतं हे गावात कुणाला माहीत नव्हतं. खरं तर मलाही रिपोर्ट टाइप करतानाच कळलं. आपण ईमेल करतो, इथे फोटो टाकतो, ते सगळं ज्या मशीनवर साठतं त्या हजारो मशीनची एक भलीमोठी इमारत.

साहेब म्हणाले, "तू तिथली भाची ना? मग तूच समजावून सांग, तुझं ऐकतील." मला बरं वाटलं. टायपिंग सोडून पहिल्यांदाच कुणी काही मोठं काम सांगत होतं.

पहिली मीटिंग महिन्यापूर्वी झाली, शाळेच्या वर्गात. मी प्रोजेक्टर लावला, चित्रं दाखवली. धूर नाही, केमिकल नाही, वास नाही… लोक ऐकत होते. मागे बायका बसल्या होत्या, त्यांच्यातून मामी उठली.

"बाय, येवढ्या मशिनी येका जागी म्हंजे तापत असतील ना? त्या गार कशानं करनार?"

ते पान मीच टाइप केलं होतं. मशीन गार ठेवायला पाणी लागणार होतं, त्यासाठी आवारात चार बोअर, बारा महिने चालणारे. आणि गावच्या दोन्ही विहिरी मार्चनंतर तळाला जातात, हे मी लहानपणापासून बघत आलेय. धरण जवळ आहे, पण ते पाणी पाइपातून शहराकडे येतं. माझ्या घरच्या नळालाही तेच येतं.

"एसी असतो, मामी," मी म्हटलं.

ती समाधानाने खाली बसली. साहेबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. खोटं नव्हतंच ते… असं मी घरी येईपर्यंत स्वतःला सांगत राहिले.

परवा शाळेतच भरलेल्या ग्रामसभेत ठराव व्हायचा होता, जमीन द्यायची की नाही. बऱ्याच जणांचा विरोध होता. दोन बायका उठून म्हणाल्या, हे लोक आमच्या विहिरी आटवतील, मग आम्ही कुठे जायचं?

तर मामीच उभी राहिली. "पान्याचं नका बोलू. मी इचारलंय. आमच्या बायनं सांगितलंय, एसी असतो. ती शिकलेली हाय, आपल्याला फसवायची नाय."

त्या दोघी गप्प बसल्या. मी समोर साहेबांच्या शेजारी खुर्चीवर होते. फाइलमध्ये डोकं घालून बसले.

मग गावातले एक म्हातारे, नाना, उठले. ते जांभूळ गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात पंपांवर नोकरी करून रिटायर झालेत. त्यांचा आवाज चढला नव्हता. "एसी कंचा गं? हवेवरचा का पान्यावरचा? आनंदनगरच्या एमआयडीसीत कारखान्यांचे कूलिंग टॉवर बघितलेत मी. लई पानी पितात ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब हळूच म्हणाले, "टेक्निकल मॅटर आहे म्हणून सांग."

मी मामीकडे बघितलं. तिला जराही काळजी नव्हती. आता आमची बाय कशी नानांना नीट उत्तर देते, याची ती वाट बघत होती… मला ते बघवेना.

"पाण्यावरचा," मी म्हटलं.

"बोअर मारनार?" नानांनी विचारलं.

"चार."

"तुला तवाच ठावं व्हतं?"

"हो."

मामी अजून उभीच होती. तिने त्या दोन बायकांकडे बघितलं आणि म्हणाली, "माजं चुकलं." मग बसली.

चुकलं माझं होतं, आणि कबूल ती करत होती. मी तोंड उघडलं नाही.

जमीन द्यायची नाही असा ठराव झाला. साहेब मला न घेता गाडीतून निघून गेले, आणि आज ऑफिसातून फोन आला, यापुढे येऊ नका.

सभेतलं कानावर गेल्यापासून तुम्ही सगळे लिहिताय, खरं बोललीस, अभिमान वाटतो. नका लिहू. नानांनी कोपऱ्यात धरलं म्हणून बोलले. मामीने विचारलं होतं तेव्हा, माझ्यावर विश्वास टाकून विचारलं होतं तेव्हा, नाही बोलले.

परवा निघताना मामी रिक्षापर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "मामी, मला माफ कर."

ती म्हणाली, "मला नको सांगू. त्या दोघींना सांग. तुज्या भरवशावर मी त्यांना गप केलं."

त्या दोघी तिथेच, शाळेच्या ओट्यावर बोलत उभ्या होत्या. मला दिसत होत्या. मी रिक्षात बसले.

इथे लिहिणं सोपं आहे… इथे त्यांच्यापैकी कुणी वाचत नाही. उद्या सकाळी गावी जातेय.