वर्षातले तीन तास

वीज कधी आणि किती कमी पडेल याचं गणित मांडणं हे वारेमास्तरांचं काम. नाव थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, भाऊजींनी, चेष्टेत ठेवलेलं, ते ऑफिसातही चिकटलं. पवनचक्क्या वाढल्या तेव्हा यांनीच अहवाल दिला होता: जुनं कोळशाचं केंद्र खुशाल बंद करा, वर्षात फार तर तीन तास वीज अपुरी पडेल. साहेब खूश झाले आणि केंद्राला कुलूप लागलं.

ते तीन तास आले. पण मास्तरांच्या डोक्यात होते तसे, दहा मिनिटं आज, पंधरा मिनिटं पुढच्या महिन्यात, असे आले नाहीत. एका दुपारी सगळीकडचा वारा एकदमच पडला आणि तिन्ही तास एका दमात उरकले. आकडा बरोबर निघाला, हीच तर जीव खाणारी गोष्ट. थोरली ताई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती, आणि मशीनची बॅटरी अर्ध्या तासाची. वीज आली तेव्हा ताई नव्हती. "अर्ध्या तासाची पुरे," असं सांगणारे मास्तरच होते.

तेव्हापासून त्यांच्या खिडकीला शिवणाचा दोरा बांधलेला आहे. दोरा हलेनासा झाला की हा माणूस हातातला घास ठेवून उठतो आणि भरदुपारी दिवा लावून बघतो. दिवा लागतो, तरी त्या दुपारी बॅटरी संपताना फोनवर ऐकलेली मशीनची धोक्याची शिट्टी कानातून जात नाही. भाऊजींपुढे मात्र आपल्या गणितातल्या चुकीबद्दल दोन वर्षांत तोंडातून ब्र निघाला नव्हता.

आता दुसरं केंद्र बंद करण्याचा अहवाल टेबलावर आला. मास्तरांनी त्यात नवा रकाना आखला: वीज सलग किती वेळ जाईल. उत्तर आलं पाच तास.

"हा रकाना मागच्या वेळी कुठं होता?" साहेब म्हणाले. "लोक विचारतील."

विचारणारच होते. रकाना ठेवायचा म्हणजे जुनी चूक चारचौघांत कबूल करायची, आणि भाऊजींना ती पेपरातून कळणं मास्तरांना सोसणार नव्हतं. संध्याकाळी ते ताईच्या घरी गेले आणि सगळं सांगून मोकळे झाले.

भाऊजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"दुकानदार चार तासांची बॅटरी दाखवत होता," ते म्हणाले. "ती म्हणाली, घेऊन टाकू. मीच गप्प केलं तिला. म्हटलं, तुझा भाऊ सांगतोय ना." चष्मा चढवला. "तुला कळलं तर तू या घरात पाय ठेवणार नाहीस, असं वाटायचं मला. रकाना राहू दे."

खिडकीचा पडदा हलायचा थांबला. दोघांनीही एकदमच वर दिव्याकडे पाहिलं.