नाना कसे पडले

निवडणुकीची ड्यूटी लागली म्हणून मास्तरांचा पगार वाढत नाही, किस्से मात्र वाढतात! शिरपूर तालुक्यातले आम्ही चार-पाच मास्तर अजूनही भेटलो की चहा येण्याआधी एखादा निघतोच. आणि त्यातले निम्मे आमच्या रिटायर हेडमास्तरांचे, नानांचे.

बावन्न सालच्या पहिल्या निवडणुकीत नाना आमदारकीला उभे राहिले ते एका पुलासाठी. बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक नदीच्या काठावर, बैलगाडीतच गेली. पूर उतरत नव्हता, आणि पलीकडे दवाखान्याचं छप्पर दिसत होतं.

* * *

त्याआधी गावच्या सोसायटीत हात वर करून मतदान व्हायचं. कापसाचं जिन चालवणारे शेठ समोर खुर्ची टाकून बसायचे. एकदा एका म्हाताऱ्याने दोन्ही हात वर केले.

"आबा, मत एकच असतं!" नाना म्हणाले.

"मत एकच शे नाना, पन शेठले दिसाले पाहिजे ना!"

सगळी सभा हसली. नाना हसले नाहीत. "आता पेट्या येताहेत," म्हणाले. "पडद्यामागं माणूस खरं बोलेल." आम्हालाही ते पटलं होतं. कपाळ आमचं!

* * *

मग मतदार याद्या आल्या. आमच्यातले चौधरी मास्तर नावं लिहायला दारोदार हिंडले. बाईमाणूस स्वतःचं नाव सांगेल तर शपथ!

"नाव काय, अक्का?"

"आसारामनी माय लिखा."

चौधरींनी तसंच लिहिलं. वरून हुकूम आला, अमक्याची आई, तमक्याची बायको चालणार नाही, कापा! गल्लीच्या गल्ल्या कापल्या गेल्या. पूल सगळ्यांत जास्त हवा होता तो या बायकांनाच.

* * *

शेठना पूल नको होता. पूल झाला असता तर आमचा कापूस त्यांच्या जिनाला वळसा घालून पलीकडच्या बाजारात गेला असता. म्हणून नानांसमोर ते स्वतः उभे राहिले. आणि शेठ हुशार! त्यांनी नानांच्या चुलतभावाला उभं केलं, आणखी दोघांना केलं, तिघांचंही डिपॉझिट स्वतः भरलं. वर सांगितलं, "भाषणात पूलच मागा. दणकून मागा!"

पूल मागणारे चार, नको म्हणणारा एक. धुळ्याला मोजणी झाली. चौघांची मिळून मतं शेठपेक्षा कितीतरी जास्त. निवडून आले शेठ!

चुलतभाऊ नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "नाना, आपला विचार तर जिंकला ना!"

त्याच्या थोबाडीत द्यावी असं मला आजही वाटतं.

* * *

तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. त्याच मोजणीत शेठच्या पेटीतून मतपत्रिकांचा गठ्ठा निघाला. एकात एक घडी घातलेला, वर सुतळी! पडद्यामागं कोण बघतंय? लोकांनी मतपत्रिका पेटीत न टाकता खिशातून बाहेर आणून शेठच्या माणसाला दिल्या होत्या, आणि त्या एकाच माणसाने आत जाऊन सगळ्या टाकल्या होत्या.

चौधरी मोजणी अधिकाऱ्यांना म्हणाले, "साहेब, हे एवढं मोठं मत कोणाचं?"

साहेबांनी सुतळी सोडली. "पेटीत आहे ना? मग चालतं."

* * *

आता मतदानाच्या दिवशीचं. प्रत्येक पेटीवर त्या उमेदवाराच्या चिन्हाचं चित्र डकवलेलं असायचं. नानांना घोडा मिळाला होता. संध्याकाळी आम्ही पडदा बाजूला केला, तर नानांच्या पेटीवर भंडारा, फुलं, फोडलेला नारळ, आणि मतपत्रिकांचा ढीग! सगळा पेटीच्या वर, आत नाही.

केंद्रावरच्या साहेबांनी नियम वाचला. पेटीबाहेरचं मत बाद. आम्ही हात लावून आत टाकायचं नाही. त्यांनी ढीग पाकिटात भरून लाखेचं सील मारलं.

नाना दारात उभे राहून बघत होते. तेवढ्यात यादीत नाव टिकलेली एक म्हातारी अक्का, सकाळीच मत देऊन गेलेली, तशाच बायकांना घेऊन पुन्हा आली. तिने नानांच्या कपाळाला भंडारा लावला.

"नाना, आम्हीन समदा कागद तुम्हना घोडाना म्होरे ठेवात. खंडेरावना घोडा शे तो, त्याना पोटमा कोनी कागद कोंबस का?" मग हळूच विचारलं, "आते पूल व्हई ना?"

नानांनी लाखेच्या सीलकडे पाहिलं.

"व्हई, अक्का," ते म्हणाले.