माझं माप कुणी घेतलं नाही

मॅडमनी माझा ब्लॉक फूटपट्टीच्या टोकावर उचलला. मेलेला उंदीर उचलावा तसा, अंगापासून लांब धरून.

"हे कुणाचं?"

कुणाचं ते अख्ख्या वर्गाला ठाऊक होतं. मांजरपाटाच्या जाड्या कापडाचं ते धूड एका खांद्यानं वर चढलेलं, दुसऱ्यानं खाली ओघळलेलं. पाठीत एवढं ढिलं की आत एक भाडेकरू ठेवता आला असता.

"माझंच, मॅडम," मी म्हणालो. "पावणं आलं तर आत मावावं म्हणून जागा सोडलीय."

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. ही माझी खोडच. समोरच्यानं हात उगारला की मी आधी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो.

मॅडम हसल्या नाहीत. "दुसऱ्यांचे उतरलेले कपडे घालून मोठी झालेली पोरं तुम्ही," त्या म्हणाल्या. "मापाचं कापड तुम्हाला कळणार कसं?"

मी तरीही हसतच होतो. तोंड तसंच अडकलं होतं.

राजारामपुरीत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचा क्लास. पॅटर्न काढायचे आणि ड्रेपिंग, म्हणजे कापड थेट अंगावर टाचून घडवायचं. गावात मी शाळेचे गणवेश शिवत होतो. इथं कोट शिकायला आलो. रीत अशी, की प्रत्येकानं आधी स्वतःच्या अंगाचा ब्लॉक करायचा. ब्लॉक म्हणजे मूळ साचा. कॉलर, बाही, कोट, सगळं त्यातून निघतं. शेवटी तो कोट स्वतःच्या अंगावर बसला पाहिजे, तरच पास. साचा चुकला की सगळंच चुकलं.

आणि साच्याचं माप दुसऱ्यानं घ्यायचं असतं. स्वतः घ्यायला गेलं की हात वर होतो, खांदा उचलला जातो, मान वाकते, पाठ वाढते. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हात खाली सोडून समोर बघायचं. टेप जोडीदार लावेल." मुलींनी मुलींचं, मुलांनी मुलांचं. वर्गात मुलगे आम्ही दोघंच. दुसरा विराज. जयसिंगपूरच्या व्यापाऱ्याचा.

टेप हातात घेऊन तो आला. "पावणं, तुमी नेसरीकडचं न्हवं? माझा मामा हाय तिथं. घर कुठं पडतंय तुमचं?"

शहाण्यानं 'स्टँडजवळ' म्हणून सोडून दिलं असतं. मी कशाला सोडतोय! देवळाकडनं खाली यायचं, ओढा ओलांडायचा, पुढं समाजमंदिर, त्याच्या मागं चौथं दार. हातवाऱ्यांसकट दाखवलं. वर जेवायला या म्हणून आवतणही दिलं.

"ओढ्याच्या पल्याड व्हय?"

"व्हय की!"

त्यानं टेप बोटाभोवती गुंडाळला. सावकाश. "माझं माप घरात झालंय घेऊन. तुझं तू घे. सोपं असतंय."

जात त्यानं विचारली नव्हती. मीच नकाशा काढून दिला होता.

मॅडमना सांगितलं, तर "जमवून घे" म्हणाल्या. मग कळंब्याच्या खोलीवर आरशापुढं माझी सर्कस. टेपचं एक टोक दातात, एक हात डोक्यामागनं, दुसरा काखेखालनं. माकडानं लाजावं अशी. त्यातनं जन्मला तो ब्लॉक, जो आता फूटपट्टीवर लोंबत होता.

मॅडमनी तो कोपऱ्यात टाकला. "आज कॉलर ड्रेप करायचीय. पुरुषांची डमी आपल्याकडं नाही. तू चढ टेबलावर. ब्लॉक नाही जमला, उभं राहणं तरी जमेल."

मी चढलो. चढताना मुजरा केला. पोरी फिस्सकन हसल्या.

ते शेवटचं हसू.

खिडकीपाशी बायकांच्या डम्या रांगेत होत्या. मुंडकी नसलेल्या, हात नसलेल्या. विराजनं मांजरपाट दोन्ही कडांना चिमटीत धरून माझ्या गळ्याभोवती टाकला. बोट लागू न देता. मग टाचण्या. त्याही लांबून. लांबून टाचणी लावली की कापडाला कमी आणि माणसाला जास्त टोचते. पहिली हाडापाशी घुसली. मी हललो.

"डमी हलत नाही," मॅडम म्हणाल्या. "विराज, अजून ओढ."

कापड आवळलं. श्वास अर्धाच आत जायला लागला. कानाखाली कात्रीचं थंड पातं टेकलं. चर्र. परत चर्र. हा आवाज मी रोज ऐकतो, पण गळ्याला लागून कधी ऐकला नव्हता. डोक्यात विनोद शोधत होतो. एक सापडेना.

मग मानेवरनं काहीतरी ऊन ओघळलं आणि पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पसरत गेला.

विराजचा हात थांबला.

"गेलं कापड," मॅडम म्हणाल्या. "दुसरा तुकडा आण. आणि तू उतरू नकोस."

मी उतरलो.

टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या. कापड काढलं. मॅडमच्या पुढ्यात जाऊन हात खाली सोडले आणि समोर बघितलं.

"मॅडम, माझं माप घ्या."

"काय?"

"टेप लावा. खांद्याला, पाठीला, मुंढ्याला. कुणी माप घेतलं नाही, म्हणून माझा ब्लॉक चुकला."

"तू घेतलंस ना?"

"स्वतःचं घेता येत नाही. तुम्हीच शिकवलंत."

टेप त्यांच्या गळ्यातच होता. हात त्याच्याकडं गेला, टोकाला लागला आणि तिथंच राहिला. सगळा वर्ग त्या हाताकडं बघत होता. मीही.

हात खाली आला. "नाटकं नकोत. ब्लॉक नाही तर कोट नाही, कोट नाही तर सर्टिफिकेट नाही. नीघ."

विराज हळूच म्हणाला, "जाऊ दे की लेका. माझा ब्लॉक घे. त्याच्यावर कर."

"तुझ्या अंगाचा कोट मी घालणार न्हाय."

मॅडमनी पंखे बंद केले. एकेक करून सगळे गेले. मी तसाच उभा. मानेवरचं रक्त वाळून कातडी ओढायला लागली, तेव्हा बाहेर पडलो.

हे आज दुपारचं. उद्या दारातच अडवतील. नाव कमी करतील. गावाकडं फोनही जाईल, विराजचा मामा आहेच तिथं. जाऊ दे. उद्या मी जाणार. मॅडमच्या पुढ्यात उभा राहणार. परवाही. हसवणार नाही, आणि आरशापुढं वाकडाही होणार नाही. माझं माप त्यांनीच घ्यायचं. सगळ्यांच्या देखत. अंगाला हात लावून.